बुडीत मजुरीचा हिशेब

बाळ जन्मलं की थोड्याच वेळात त्याचं वजन होतं आणि तो आकडा आईच्या कार्डावर चढतो. एक किलो नऊशे, दोन शंभर, दोन तीनशे. अडीच किलोच्या खाली गेला की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. गोळ्या खाल्ल्या नसतील. वेळेवर जेवली नसेल. अंगणवाडीचा शिधा घरातल्या पोरांनीच संपवला असेल. नर्स बोलते, आशाताई समजावते, सासू तोंड वाकडं करते, आणि खाटेवर पडलेली वीस वर्षांची पोर खाली मान घालून ऐकून घेते. हिंगोली जिल्ह्यात काय किंवा मराठवाड्यात इतरत्र काय, बाळाच्या वजनाचा जाब आईलाच विचारायचा हे ठरून गेलं आहे.

माझं म्हणणं उलटं आहे. तो जाब घराला विचारायला हवा आणि घराच्या आधी सरकारला. बाळ लहान का जन्मलं याचं उत्तर आईने काय खाल्लं एवढ्यात सापडत नाही. तिने किती काम केलं, कोणत्या महिन्यांत केलं, लग्न होऊन आली तेव्हा तिच्या अंगात किती बळ होतं आणि घरात आलेल्या पैशातला कोणता रुपया तिच्या हातात पडला, हे चारही प्रश्न विचारल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. यातला कामाचा प्रश्न आपण जवळजवळ कधीच विचारत नाही, म्हणून या लेखात त्यावर जास्त रेंगाळणार आहे.

आधी लहान जन्मण्याने काय बिघडतं ते पाहू. दोन किलोच्या बाळाच्या अंगावर चरबी कमी, म्हणून ते लवकर गार पडतं. यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा, म्हणून दोन-तीन तास दूध मिळालं नाही की रक्तातली साखर उतरते. चोखायला जोर लागतो, तो नसतो. जंतुसंसर्गाशी झगडण्याची ताकद अपुरी. यातलं कुठलंही एक कारण जीव घ्यायला पुरतं आणि बहुतेकदा ती एकमेकांचा हात धरून येतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५-९६ साली ३९ गावांतल्या नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली, तेव्हा ४२ टक्के बाळं अडीच किलोच्या आतली निघाली. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन केव्हा द्यायचं. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाऊ लागल्या, त्याचं मूळ या कामात आहे. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. देशाचा आकडा २० होता.

ही मोठी मजल आहे आणि ती मारणाऱ्या आशांना आपण किती मानधन देतो हा वेगळ्या लेखाचा विषय. पण नीट पाहिलं तर सरकारने प्रश्नाचा अर्धाच भाग उचलला. लहान जन्मलेलं बाळ वाचवायला आपण शिकलो. ते लहान जन्मूच नये यासाठी करायचं काम मागे राहिलं, कारण त्यासाठी बाळाच्या आईवर खर्च करावा लागतो. आणि वाचलेल्या लहान बाळाचं सगळं सुरळीत होतं असंही नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या सुइणींच्या नोंदवह्या काढून दाखवलं की जन्मतः आणि पहिल्या वर्षी हलकी असलेली माणसं पुढे हृदयविकाराने जास्त मेली. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं तेच मधुमेहाच्या बाबतीत सांगत आहेत: आपलं बाळ दिसायला बारीक, पण चरबी त्या मानाने राखलेलं आणि स्नायू कमी. म्हातारपणाचे म्हणून जे आजार आपण समजतो, त्यांची सुरुवात पोटात असतानाच होऊ शकते. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या बायकांच्या पोटात जी पिढी होती, ती आज पन्नाशी ओलांडून साखरेच्या गोळ्या घेते आहे. सगळ्यांचा आजार त्या दुष्काळाने आणला असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल, पण त्या पिढीच्या रक्तातल्या साखरेचा विचार करताना कुणाला तिच्या आईची आठवण होत नाही, एवढं खरं.

आता उत्पन्नाकडे येतो. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत असे पाच तालुके. नामदेवांची नरसी इथली, औंढ्याचं ज्योतिर्लिंग इथलं, आणि गुरुत्वीय लहरी पकडणारी ‘लायगो’ वेधशाळाही औंढ्याजवळच व्हायची आहे. विश्वाच्या दुसऱ्या टोकावरची थरथर मोजणारं यंत्र ज्या तालुक्यात उभं राहणार, तिथल्या उपकेंद्रात गरोदर बाईचं वजन करायचा काटा बरोबर असतो का, हा प्रश्न मनात येतोच. वसमतकडे पूर्णा प्रकल्पाचं पाणी. तिथे ऊस, केळी आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर डोंगराळ, मुरमाड पट्ट्यात सेनगाव आणि कळमनुरी. तिथे आंध समाजाच्या वाड्या, बंजाऱ्यांचे तांडे, आणि खरिपाच्या एका पिकावर सगळी मदार. राज्याच्या मानव विकास अहवालांत हा जिल्हा तळाच्या रांगेत असतो.

सर्वसाधारण समजूत अशी की घराचं उत्पन्न वाढलं की बाळंही आपोआप गुटगुटीत होतात. ही समजूत खोटी नाही, अर्धी आहे. हातात पैसा असेल तर डाळ येते, अंडी येतात, कळा सुरू झाल्यावर गाडी करता येते, सोनोग्राफी होते. पण घरात आलेला पैसा तिच्या ताटापर्यंत चालत जातो असं गृहीत धरता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होतं; महाराष्ट्रात सुमारे ४६ टक्के. आणि याच पाहणीत सर्वांत श्रीमंत पंचमांश घरांतल्याही जवळपास निम्म्या बायकांना रक्तक्षय होता. नुसत्या पैशाने भागलं असतं तर तिथे हा आकडा असा दिसला नसता.

डायन कॉफी या अभ्यासक बाईंनी २०१५ साली मांडलेली तुलना याहून झोंबणारी आहे. भारतात गरोदरपणाच्या सुरुवातीला ४२ टक्के बायका कमी वजनाच्या होत्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांत हेच प्रमाण १६ ते १७ टक्के. ते देश आपल्याहून गरीब. शिवाय गरोदरपणात भारतीय बाईचं वजन सरासरी सातच किलोंनी वाढतं, जिथे दहा-बारा किलो वाढायला हवं. रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांच्यासोबत कॉफींनी आणखी एक गोष्ट तपासली: एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या मुलांची उंची. धाकट्या जावेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा बुटकी निघाली. एकच वाडा, एकच चूल, एकच उत्पन्न, आणि तरी फरक. घराच्या उत्पन्नाचा आकडा एकच असतो. घरातल्या बायकांची पायरी वेगवेगळी असते आणि ती पायरी बाळाच्या हाडांत उतरते.

हिंगोलीत पैशाचा आणि ताटाचा संबंध तुटला, त्याला सोयाबीनचीही साथ मिळाली. सोयाबीनने दसरा-दिवाळीला रोख रक्कम दिली, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याने वावरातून खरीप ज्वारी, मूग आणि उडीद हुसकून लावले. पूर्वी उत्पन्न कमी होतं तरी मुगाचं वरण घरचं होतं. आता सोयाबीनच्या पोत्यात चाळीस टक्के प्रथिनं भरलेली असतात आणि ते पोतं मोंढ्यात जातं, तिथून तेलगिरणीत, आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. पिकवणारीच्या ताटात रेशनचा तांदूळ, गव्हाची पोळी, कधी भाकरी, पातळ वरण आणि ठेचा. दूध डेअरीला, घरात चहापुरतं. पट्टी झाली की पहिला पैसा कृषी केंद्राच्या उधारीत, मग बँकेत, मग कुणाच्या तरी लग्नात. हा पैसा कुणी उधळतो असं नाही. पण या यादीत सहाव्या महिन्यातल्या सुनेसाठी रोज एक अंडं आणि पावशेर दूध ही बाब कुठे लिहिलेली नसते. आपल्या रीतीही तशाच. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, हिरवा शालू, फुलांची वाडी, पाच पक्वान्नं, एक दिवस. डिंकाचे, अळिवाचे लाडू, शेपूची भाजी, तूप हे सगळं बाळंतपणानंतर, दूध यावं म्हणून. ते चांगलंच आहे. पण बाळाचं वजन वाढायचे महिने तोवर निघून गेलेले असतात, आणि त्या महिन्यांत तिला उलट सांगितलं जातं की जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडशील.

या सगळ्यावर आपल्या मातीतला सर्वांत भक्कम पुरावा पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतून आला. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे आठशे गरोदर बायकांचं खाणं मोजलं गेलं, काम मोजलं गेलं, आणि जन्मलेल्या बाळांचं वजन, लांबी, कातडीखालची चरबी असं सगळं मोजलं गेलं. बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन दोन किलो सातशेच्या जवळ, त्याच वेळी साउदॅम्प्टनमधली बाळं साडेतीन किलोची. संशोधकांना वाटलं होतं की ज्या बायका जास्त उष्मांक आणि जास्त प्रथिनं खातात त्यांची बाळं मोठी असतील. तसा संबंध सापडला नाही. सापडला तो पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. ज्या बायका या गोष्टी वारंवार खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. पुढच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता या बायकांत सर्रास आढळली. दूध-अंडी-मांस कमी खाणाऱ्या आपल्या समाजात ते साहजिक होतं.

हा भाग आता बऱ्याच जणांना ठाऊक झाला आहे. ‘पालेभाज्या खा’ हा सल्ला अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला असतो. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र भिंतीवर कुणी रंगवत नाही. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं की गरोदरपणात ज्या बायकांचं काम जास्त होतं, पाणी भरणं, शेतात राबणं, घरचं ओझं, त्यांची बाळं लहान जन्मली. याचं कारण समजायला अवघड नाही. वाकून, उन्हात, वजन उचलून दिवसभर काम करणाऱ्या शरीरात रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं. वारेकडे जाणारा प्रवाह त्या मानाने घटतो. बारीक बाईच्या अंगात रक्ताचं पाणी मुळातच कमी वाढतं, त्यात घाम. खाल्लेलं अन्न आधी कामात जळतं आणि उरेल ते बाळाला मिळतं. म्हणजे बाळाला वाढवायचे दोन मार्ग झाले: ताटात भर घालणं, किंवा डोक्यावरचं ओझं कमी करणं. आपल्या सगळ्या योजना पहिल्याच मार्गाने चालतात आणि तिथेही हात आखडता. गरोदर बाईच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ साली ठरवलेला दर होता दिवसाला साडेनऊ रुपये.

ओझं म्हणजे काय ते जवळून बघायचं तर ऑक्टोबरात सेनगावकडे जावं. सोयाबीनची सोंगणी गुत्त्यावर जाते: एकराचा भाव ठरतो, दहा-बारा बायका-पुरुषांची टोळी ते घेते आणि पैसे वाटून घेते. गुत्त्यात रोजंदारीची उसंत नसते. जितकी लवकर एक पट्टी संपेल तितकी लवकर दुसरी धरता येते. सूर्य उगवायच्या आत रानात, कारण ऊन चढलं की शेंगा तडकतात. कंबरेत वाकून विळ्याने बुडख्याजवळ कापायचं, धाटं टोकदार, हाताला टोचतात, मागे पेंढ्या टाकत पुढे सरकायचं. सहा महिन्यांची गरोदर बाई या टोळीत मागे पडली तर दोन दिवस कुणी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तिला निरोप येत नाही. त्यामुळे ती मागे पडत नाही. सोयाबीन उरकतं तोवर कापूस फुटतो. मग वेचणी, किलोवर भाव, कमरेला बांधलेल्या झोळीत वजन वाढत जातं आणि ती झोळी नेमकी पोटावर येते. फेब्रुवारी-मार्चात वसमतकडे हळद निघते: कांद्या फोडणं, माती झटकणं, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करणं, उन्हात मांडी घालून. आणि ज्या घरांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली, त्यांच्या बायका तोवर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोयत्यावर गेलेल्या असतात, जिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि बाईने काम सोडलं तर तो अर्धा होतो.

“आमच्या येळंला कुठं व्हतं हे? मी कळा सुरू होईस्तोवर कापूस येचला,” असं साठी ओलांडलेली कोणतीही बाई सांगेल, आणि ती खोटं बोलत नाही. फक्त तिच्या तोंडून आपल्याला जगलेल्या बाळांची गोष्ट ऐकू येते. त्याच बाईला किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं हाताशी आली असं वेगवेगळं विचारलं, तर दोन आकडे सारखे निघतीलच असं नाही.

वेळेचा मुद्दा यात मिसळलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया देशात गरोदर बायकांना शेंगदाण्याची बिस्किटं रोज देऊन पाहिली गेली. १९९७ साली त्याचे निष्कर्ष आले. बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं, पण कोठार रिकामं आणि शेतात काम जोरात अशा पावसाळी महिन्यांत ती वाढ २०१ ग्रॅम होती. आपल्याकडचे आषाढ-श्रावण तसेच असतात. घरातलं धान्य संपत आलेलं, पेरणीत पैसा गेलेला, आणि निंदण-खुरपणीला बायकांचीच गरज. सरकारी योजनेला मात्र बाराही महिने सारखे दिसतात.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेला प्रयोग आणखी मागे नेतो. पालेभाज्या, फळं, दूध यांचा रोजचा खाऊ बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून दिला. एकंदरीत बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांत ४८ ग्रॅमची वाढ दिसली. आणि सर्वांत हडकुळ्या बायकांना तेवढाही फायदा झाला नाही. हा निकाल निराशेचा वाटतो, पण मला तो फार बोलका वाटतो. ज्या बाईच्या अंगात मुळातच काही नाही, तिच्यापुढे बशीभर खाऊ ठेवून नऊ महिन्यांत भरपाई होत नाही. तिची उपासमार पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झालेली असते.

आणि याच वयात आपण तिला सोडून देतो. शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. अंगणवाडी तिला पुन्हा ओळखते ती गरोदर म्हणून नाव नोंदवल्यावर. मधली चार-पाच वर्षं, ज्यांत हाडं वाढतात, पाळी सुरू होऊन रक्त जातं आणि मराठवाड्यात बऱ्याच जणींचं लग्नही होतं, कोणाच्याच वहीत नाहीत. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठीची केंद्राची योजना २०२२ पासून केंद्राने मागास म्हणून निवडलेले ‘आकांक्षित’ जिल्हे आणि ईशान्येपुरती आहे. महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद). गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आखली गेली ती आदिवासींचं अनुसूचित क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवून. हिंगोलीतला एकही तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, कळमनुरीत आदिवासी प्रकल्प कार्यालय असलं तरी. शेजारचा वाशीम यादीत आणि हिंगोली बाहेर. कुपोषण म्हटलं की वर्तमानपत्रांना मेळघाट आठवतो, तो आठवायलाच हवा, पण त्यामुळे मराठवाड्यातली दोन किलोची बाळं बातमीतूनही सुटतात आणि यादीतूनही.

अठराच्या आत लग्न झालेल्या मुलीची गत आणखी वाईट. नोंद केली तर घरच्यांवर गुन्हा, म्हणून नोंद लपवली जाते किंवा वय वाढवून सांगितलं जातं. गरोदर बायकांना पैसे देणाऱ्या केंद्राच्या मातृवंदना योजनेत तिला जागा नाही. जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार देणारी लाडकी बहीण योजना आली, तिच्यात किमान वय २१. म्हणजे एकोणीस वर्षांच्या गरोदर सुनेला पैसे नाहीत आणि तिच्या पंचेचाळिशीतल्या सासूला आहेत. सासूला मिळू नयेत असं मी म्हणत नाही. पण योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिलटकरीण नव्हती, हे त्या एका अटीवरून कळतं.

सरकारी कचेरीतल्या बाईला प्रसूतीसाठी सहा महिने भरपगारी रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातल्या कंपन्यांनाही २६ आठवडे द्यावे लागतात. हे शहाणपण नवं नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा बराचसा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. १९२९ साली तो कायदा झाला. त्यांनी बाळंतपणानंतरच्या विश्रांतीइतकीच आधीच्या विश्रांतीवरही भिस्त ठेवली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली, आणि हिंगोलीच्या वावरातल्या बाईपर्यंत तो विचार अजून पोचलेला नाही.

नाही म्हणायला एक योजना आहे, आणि तिची कल्पना मला बाकी सगळ्या योजनांपेक्षा सरस वाटते. मानव विकास कार्यक्रमात, ज्यात हिंगोली आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बायकांना बुडीत मजुरी मिळते. कुणीतरी अधिकाऱ्याने ओळखलं होतं की या बाईला उपदेशाची नाही, दिवस भरून देणाऱ्याची गरज आहे. रक्कम: नवव्या महिन्यात दोन हजार, बाळंतपणानंतर दोन हजार. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात ३१२ रुपये होता. त्या दराने चार हजार म्हणजे तेरा दिवसांची मजुरी. मातृवंदनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची, तीही हप्त्यांत, कागद जुळले तर. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली किमान सहा हजार म्हटलं होतं. नवव्या महिन्यात आलेल्या पैशाने सहाव्या महिन्यातली सोंगणी टळत नाही.

कचेरीतल्या बाईला जे २६ आठवडे मिळतात तेच मजूर बाईला द्यायचे तर आठवड्याला सहा दिवसांप्रमाणे १५६ दिवस, गुणिले ३१२, म्हणजे ४८,६७२ रुपये. ऐकून डोळे विस्फारतात. पण जन्मदर हजारी पंधरा धरला तर या जिल्ह्यात वर्षाला सुमारे अठरा हजार बाळं जन्मत असतील. त्यातल्या निम्म्या आया मजुरी करणाऱ्या आहेत असं धरू. नऊ हजार बायकांचे होतात ४४ कोटी. लाडक्या बहिणीसाठी २०२४ साली जाहीर झालेली वार्षिक तरतूद होती ४६ हजार कोटी. तमिळनाडूने मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत पोषणाच्या पेटीसह अठरा हजार देऊन दाखवले आहेत. ते राज्य काही बुडालं नाही.

पैसे दिले तर नवरा दारूत घालवेल, हा आक्षेप नेहमीचा. काही घरांत घालवेलही. पण आठवड्याच्या आठवड्याला तिच्या खात्यात येणारी रक्कम आणि वर्षातून एकदा येणारं घबाड यांचा घरात वेगवेगळा निकाल लागतो, आणि नवरे दारू पितात म्हणून सरकारी नोकरदारणीची रजा कुणी कापलेली नाही. पैशाच्या मोहाने बायका जास्त मुलं जन्माला घालतील, हा दुसरा आक्षेप, तो मला थोडा अपमानकारक वाटतो. पहिल्या दोन बाळंतपणांपुरती मर्यादा घालून त्याचंही उत्तर देता येतं, जरी तिसऱ्या बाळाचा त्यात काय दोष हे मला कळत नाही. खरा अडसर वेगळा आहे. स्वतःच्या तीन एकरांत राबणाऱ्या सुनेची मजुरी कुणी देत नाही, म्हणून ती बुडतही नाही, आणि तिचं नाव कोणत्याच मजुराच्या यादीत येत नाही. तिच्यासाठी घरात कुणीतरी दुसरा हात लावावा लागेल, म्हणजे गडी लावायला पैसे किंवा नवऱ्याने आणि दिराने पाणी भरणं. सरकारला पहिलं जमेल. दुसऱ्याबद्दल मी फार आशा बाळगत नाही.

एवढं मात्र आत्ताही करता येईल. बुडीत मजुरीचा पहिला हप्ता नवव्या महिन्यातून काढून चौथ्या महिन्यात आणणं, ज्या आठवड्यात उपकेंद्रात तिचं पहिलं वजन होतं त्याच आठवड्यात. आणि उसाला जाणाऱ्या घरांसाठी त्याही आधी. कोयत्यावर गेलेली बाई गावच्या आशाच्या वहीत स्थलांतरित म्हणून पडून राहते आणि कारखान्याच्या गावातली आशा तिला आपल्या वहीत धरत नाही. दोन्हीकडून ती सुटते. गरोदर आहे हे कळल्यावर तिने गावात राहावं असं वाटत असेल, तर मजुरी मुकादमाच्या उचलीआधी तिच्या खात्यात पडायला हवी. एकदा जोडीच्या नावाने उचल घेतली आणि ती सावकाराच्या हातात गेली, की कोयता अर्धा ठेवून घरी बसायची मुभा तिला नवराही देऊ शकत नाही.